शोरूममधलं सर्व्हिसिंगचं बिल फुगलं तर: बेळगाव, निपाणी, खानापूरच्या गाडीवाल्यांसाठी

गाडी सकाळी दिली तेव्हा सर्व्हिस ॲडव्हायझरने आकडा सांगितला होता ७,८०० रुपये. संध्याकाळी काउंटरवर बिल हातात आलं ते १५,४६० रुपयांचं. दुसऱ्या दिवशी पहाटे चोर्ला घाटातून गोव्याला निघायचं होतं, घरात बॅगा भरून तयार होत्या आणि शोरूम बंद व्हायला वीस मिनिटं उरली होती. मी पैसे भरले आणि गाडी घेऊन आलो.

त्यानंतर दीड महिना त्या बिलाच्या मागे लागलो आणि ३,८०० रुपये परत मिळवले. सगळे का मिळाले नाहीत, जे मिळाले ते कशामुळे मिळाले, हे त्या दीड महिन्यात कळलं. आपल्या भागात पहिली गाडी घेणारी पुष्कळ घरं आहेत. शोरूमच्या एसी हॉलमध्ये इंग्रजी छापील कागद पुढे आला की माणूस गप्प सही करतो. मीही केली. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून मला कळलेलं क्रमाने लिहितो.

१. गाडी देण्याच्या आदल्या रात्री

डॅशबोर्डच्या खणातलं मॅन्युअल बाहेर काढा. त्यात किती किलोमीटरला काय बदलायचं याचा तक्ता असतो: तेल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, स्पार्क प्लग. तुमच्या किलोमीटरसमोर जे लिहिलंय त्याचा फोटो काढून ठेवा. कंपनीने ठरवलेलं काम तेवढंच. शोरूमच्या भिंतीवर किंवा ॲडव्हायझरच्या टॅबवर जो लांबलचक ‘पॅकेज’चा तक्ता दिसतो, तो बहुतेक वेळा डीलरने बनवलेला असतो. या दोन तक्त्यांतला फरक म्हणजेच तुमच्या बिलाची सूज.

तेल किती लिटर बसतं तेही मॅन्युअलमध्येच असतं. लहान पेट्रोल गाडीला साधारण तीन ते साडेतीन लिटर लागतं. हा आकडा लक्षात ठेवा, संध्याकाळी लागेल.

मग मोबाईलचा टॉर्च घेऊन गाडीजवळ जा. किलोमीटरचा आकडा, पेट्रोलचा काटा, चारी टायर आणि स्टेपनी, बॅटरीवरचा नंबर, बॉडीवरचे ओरखडे यांचे फोटो काढा. एअर फिल्टरच्या कडेला मार्करने बारीक खूण करा. एसीचा केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत समोरच्या खणामागे असतो. खण उतरवला की तो हाताने बाहेर येतो, त्यावरही खूण करा. ‘बदलला’ असं बिलात आलं आणि संध्याकाळी खूण तशीच दिसली, तर पुढे वाद घालावाच लागत नाही.

२. जॉब कार्ड: इथेच सगळं ठरतं

मी सगळ्यात मोठी चूक इथे केली. ॲडव्हायझर बोलत होता, मी मान हलवत होतो, आणि खर्चाचा रकाना कोरा असलेल्या कागदावर सही करून मी रिक्षा पकडली.

जॉब कार्ड, म्हणजे गाडीचं काय काम करायचं ते लिहिलेला कागद, हा तुमच्यात आणि शोरूममध्ये झालेला करार. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये तक्रारीची जी कारणं दिली आहेत, त्यात ‘दोघांमध्ये ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त आकारणं’ हे एक आहे. पण ठरलं होतं हे दाखवायला कागद लागतो, तोंडी आकडा कामाला येत नाही. म्हणून सही करण्याआधी:

- तुमची प्रत्येक तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. ‘जनरल चेकअप’ असं लिहू देऊ नका. ‘तिसऱ्या गिअरमध्ये चढाला आवाज येतो’ असं लिहायला लावा.
- अंदाजे खर्च लिहून घ्या, करासकट.
- ‘मला विचारल्याशिवाय जादा काम करू नये’ हे वाक्य लिहायला सांगा.
- ‘बदललेले जुने पार्ट परत द्यावेत’ हेही लिहून घ्या. जुने पार्ट तुमच्या मालकीचे आहेत. वॉरंटीत बदललेला पार्ट मात्र कंपनीकडे जातो, तो मिळत नाही.
- किलोमीटर आणि पेट्रोल किती आहे ते लिहिलंय का बघा, आणि पूर्ण कार्डाचा फोटो घ्या.

काही ठिकाणी आता कागदच नसतो. मोबाईलवर ओटीपी येतो आणि ॲडव्हायझर म्हणतो, ‘नंबर सांगा की सर, एन्ट्री करायची आहे.’ तो ओटीपी म्हणजे तुमची सही. आधी स्क्रीन आपल्याकडे वळवून घ्या, वाचा, मग नंबर सांगा. कार्डाची प्रत ईमेलवर किंवा व्हॉट्सॲपवर आल्याशिवाय तिथून हलू नका.

भाषेचा संकोच नको. कागद इंग्रजीत असला तरी बेळगावात समोरचा माणूस मराठी, कन्नड, हिंदी यांतलं काहीतरी बोलतोच. ‘हे काय लिहिलंय ते वाचून दाखवा’ म्हणायला लाज कसली? फ्लोअरवरच्या मेकॅनिकशी तर जरूर बोला. ‘अण्णा, हळे सामान कोडरी’ एवढं कन्नड आलं तरी जुने पार्ट डिकीत येऊन पडतात. माझा अनुभव असा की मेकॅनिक सहसा खरं सांगतो. विक्रीचं टार्गेट त्याच्या डोक्यावर नसतं, ॲडव्हायझरच्या डोक्यावर असतं.

३. दुपारचा फोन

बारा ते तीनच्या दरम्यान फोन येतो: ब्रेक पॅड संपलेत, इंजेक्टरला क्लीनिंग लागेल, एसीला वास आहे. फोनवर ‘हो, करा’ म्हणालात की पुढे काही बोलता येत नाही. तीन गोष्टी मागा: पार्टचा फोटो, किंमत, आणि व्हॉट्सॲपवर मजकूर. त्यालाच उत्तर द्या, ‘ब्रेक पॅड करा, बाकी नको’.

ब्रेक, स्टिअरिंग, टायर, सस्पेन्शन यांबद्दल असेल तर गंभीरपणे घ्या. घाटात गाडी चालवणाऱ्याने ब्रेकवर काटकसर करू नये. शंका असली तर अर्धा तास काढून स्वतः जाऊन बघा. इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन, इंजिन ड्रेसिंग, टेफ्लॉन कोटिंग, पेट्रोलमध्ये घालायची बाटली, ही कामं मात्र मॅन्युअलच्या तक्त्यात नसतील तर सरळ नाही म्हणा. गाडीला काही त्रास नसताना यातल्या कशाचीच घाई नसते. अंडरबॉडी कोटिंगचं थोडं वेगळं आहे. खानापूर, जांबोटीकडच्या पावसात आणि चिखलात रोज गाडी चालत असेल तर त्याचा उपयोग होतो, पण ते दरवर्षी करायचं काम नाही.

४. बिल हातात आल्यावर

घाईच्या वेळी गाडी घ्यायला जाऊ नका. सहाला बंद होत असेल तर चारला पोचा. आधी कच्चं बिल मागा, बाजूला बसा आणि जॉब कार्ड शेजारी ठेवून ओळ न् ओळ जुळवा. माझं बिल असं होतं: ठरलेलं काम ७,८००, इंजेक्टर क्लीनिंग १,८५०, इंजिन फ्लश ७५०, एसी डिसइन्फेक्शन १,२००, पुढचे ब्रेक पॅड २,६४० आणि त्याची मजुरी ६२०, शिवाय ‘कन्झ्युमेबल्स’ ६००. ब्रेक पॅडबद्दल मला फोन आला होता आणि मी हो म्हणालो होतो. इंजेक्टर क्लीनिंग, इंजिन फ्लश आणि एसी डिसइन्फेक्शन या तीन जादा कामांचा जॉब कार्डवर उल्लेख नव्हता आणि फोनही नव्हता. त्यांची बेरीज बरोबर ३,८००. मला परत मिळाले तेवढेच.

काय तपासायचं ते सांगतो.

तेल. ड्रममधून भरलेलं तेल लिटरच्या हिशेबाने लावतात. मॅन्युअलमध्ये ३.१ लिटर असेल आणि बिलात ४ असेल, तर उरलेलं कुठे गेलं ते विचारा. सीलबंद डबा फोडला असेल तर उरलेलं तेल तुमचं.

एमआरपी. पाकिटावरच्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. त्यावर पुन्हा जीएसटी लावता येत नाही. बिलात मूळ किंमत आणि कर वेगळे दाखवलेले असतात. दोन्हींची बेरीज पाकिटावरच्या किमतीपेक्षा जास्त होता कामा नये. मूळ किंमत ५०० असेल तर १८ टक्के कर धरून ५९० होतात. पाकिटावर ५४० छापलं असेल तर ५० रुपये जादा घेतलेत. म्हणून जुन्या पार्टबरोबर नव्या पार्टचं रिकामं पाकीटही मागा. ही तक्रार वजन-मापं खात्याकडेही करता येते.

जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर १८ टक्के कर आहे. त्याआधी बहुतेक भागांवर २८ टक्के होता. मजुरीवरही १८ टक्केच. बेळगावच्या बिलात तो ९ आणि ९ असा केंद्र आणि राज्यात विभागलेला दिसेल. बिलावर जीएसटी क्रमांक हवाच. कर्नाटकातला क्रमांक २९ ने सुरू होतो, कोल्हापूरच्या शोरूमचा २७ ने. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर तो घालून बघता येतो. ‘बिल नको असेल तर कमी करून देतो’ असं कुणी म्हणालं तर भुलू नका. बिल न देणं ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि बिल नसेल तर पुढची एकही पायरी तुम्हाला चढता येणार नाही.

मजुरी. एकच काम दोन नावांनी येतं. क्लच प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. ‘क्लच ओव्हरहॉल’ आणि ‘गिअरबॉक्स काढणे-बसवणे’ अशी दोन मजुरी दिसली तर विचारा. फ्री सर्व्हिसमध्ये मजुरी नसते, तेल आणि फिल्टरचे पैसे असतात.

‘कन्झ्युमेबल्स’, ‘मिसलेनियस’, ‘शॉप चार्जेस’. यात नेमकं काय वापरलं ते विचारा. माझे ६०० गेले ते गेलेच. ग्रीस, क्लीनर, कॉटन वेस्ट असं सांगितलं, आणि ते वापरलं नाही हे सिद्ध करायला माझ्याकडे काही नव्हतं.

काम विम्यातून असेल तर तुमच्या खिशातून सक्तीची वजावट जाते, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २,०००. झीरो डेप (घसारा न कापणारा विमा) नसेल तर प्लास्टिक-रबराच्या भागांची निम्मी किंमतही तुम्हाला भरावी लागते. याहून जास्त मागितलं तर विमा कंपनीकडून हिशेबाचा कागद घ्या, शोरूमच्या तोंडी सांगण्यावर पैसे देऊ नका.

५. पटलं नाही तरी गाडी सोडवून घ्या, पण लिहून

इथे पुष्कळ जण अडकतात. ‘पैसे देत नाही, काय करायचं ते करा’ म्हणून गाडी तिथेच सोडून येतात. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १७० प्रमाणे, ज्याने वस्तूवर मेहनतीचं काम केलंय त्याला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. वर काही शोरूम पार्किंगचं भाडंही लावतात. चार दिवस गाडीविना राहून पाचव्या दिवशी तेच बिल भरावं लागतं.

त्यापेक्षा बिलाच्या त्यांच्याकडे राहणाऱ्या प्रतीवर स्वतःच्या हाताने लिहा: ‘बाब क्र. ४, ५, ६ मला मान्य नाहीत. या कामांना माझी संमती नव्हती. गाडीची गरज असल्याने हरकत नोंदवून रक्कम भरत आहे.’ खाली सही, तारीख, वेळ. इंग्रजीत लिहायचं तर ‘पेड अंडर प्रोटेस्ट’ एवढं पुरतं. लिहू देत नसतील तर काउंटरवर उभ्या उभ्या हाच मजकूर शोरूमच्या ईमेलवर आणि ॲडव्हायझरच्या व्हॉट्सॲपवर पाठवा आणि मग पैसे भरा. रोख देऊ नका, कार्ड किंवा यूपीआयने द्या.

‘काम समाधानकारक झालं’ असा छापील मजकूर गेटपासवर असतो. त्याखाली सही करण्याआधी तो खोडा, किंवा तिथेही हरकत लिहा.

६. आरोप करण्याआधी खात्री करा

गोव्याहून आल्यावर मी गाडी उद्यमबागेतल्या ओळखीच्या मेकॅनिककडे नेली. मला खात्री होती की ब्रेक पॅड बदललेच नाहीत. त्याने चाक उतरवलं तर पॅड कोरे करकरीत. मी तो मुद्दा तिथेच सोडून दिला. बरं झालं, नाहीतर एका खोट्या आरोपामुळे माझे तीन खरे आरोपही हलके झाले असते.

उद्यमबाग असो, ऑटोनगर असो की निपाणीतलं हायवेवरचं गॅरेज, दोनशे-तीनशे रुपये देऊन दुसऱ्या मेकॅनिककडून तपासून घ्या. काय दिसलं ते त्याच्या गॅरेजच्या बिलावर लिहून घ्या, तारीख आणि किलोमीटरसह. त्याला स्क्रू फिरवायला किंवा सील तोडायला मात्र लावू नका, विशेषतः गाडी वॉरंटीत असेल तर. शोरूम लगेच म्हणेल की बाहेर हात लावलाय.

७. तक्रारीचा क्रम

ॲडव्हायझरशी भांडून उपयोग नाही. सर्व्हिस मॅनेजरला वेळ मागून भेटा, सकाळी, गर्दी नसताना. आवाज चढवू नका. जॉब कार्ड आणि बिल शेजारी ठेवा आणि एकच प्रश्न विचारा: ‘हे काम मी कुठे सांगितलं होतं ते दाखवा.’ मला या भेटीत ‘पुढच्या सर्व्हिसला डिस्काउंट देतो’ असं सांगण्यात आलं. ते घेऊ नका. पुढच्या वेळी तो मॅनेजर तिथे असेलच असं नाही.

आठवडाभरात उत्तर नाही आलं तर गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक कक्षाला ईमेल करा आणि तक्रार क्रमांक घ्या. डीलर हा वेगळा मालक असतो, पण कंपनीकडची तक्रार त्याला टाळता येत नाही. सर्व्हिसनंतर दोन-तीन दिवसांत ‘कसं वाटलं, दहापैकी किती?’ असा फोन येतो. ॲडव्हायझर आधीच विनवतो, दहा द्या सर. प्रश्न मिटेपर्यंत दहा देऊ नका. खरा आकडा सांगा आणि कारणही सांगा.

त्याच दिवशी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. फोन फुकट आहे. माझ्या बाबतीत कंपनीचा ईमेल आणि हेल्पलाइनची नोंद एकाच आठवड्यात पोचली, आणि शोरूमचा फोन आला तो त्यानंतरच.

तरीही हललं नाही तर स्पीड पोस्टने नोटीस पाठवा, डीलरला आणि कंपनीला दोघांनाही. वकील लागत नाही. मजकूर असा पुरतो:

‘दि. ___ रोजी गाडी क्र. केए-२२ ___ जॉब कार्ड क्र. ___ प्रमाणे आपल्याकडे दिली. जॉब कार्डावर ___ ही कामं आणि ___ रुपये अंदाज नमूद आहे. माझी संमती न घेता ___ ही जादा कामं दाखवून ___ रुपये घेतले. मी दि. ___ रोजी हरकत नोंदवून रक्कम भरली. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत ही रक्कम परत करावी, अन्यथा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.’

पोलीस ठाणं आणि आरटीओ यांच्याकडे जाऊन दिवस घालवू नका. बिलाचा वाद सोडवणं त्यांचं काम नाही.

८. ग्राहक आयोग, आणि सीमेवर राहणाऱ्यांसाठी महत्त्वाची गोष्ट

निपाणीची माणसं गाडी कोल्हापूरला नेतात, चंदगडची बेळगावला आणतात. वाद झाला की प्रश्न पडतो, आता दुसऱ्या राज्यात खेटे घालायचे काय? १९८६ च्या जुन्या ग्राहक संरक्षण कायद्यात ती अडचण खरीच होती. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याच्या कलम ३४ ने ती काढून टाकली. तक्रारदार जिथे राहतो किंवा कामधंदा करतो, तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. म्हणजे निपाणीत राहणाऱ्याने कोल्हापूरच्या शोरूमविरुद्ध बेळगावच्या जिल्हा आयोगात जावं, आणि चंदगडकराने बेळगावच्या शोरूमविरुद्ध कोल्हापूरला. गाडीचं पासिंग केए-२३ आहे की एमएच-०९, याने फरक पडत नाही. राहत्या पत्त्याचा पुरावा मात्र पक्का हवा.

मुदत दोन वर्षांची आहे. व्यवहार ५ लाखांपर्यंतचा असेल तर शुल्क नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते आणि स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस मिळतात, फार तर आणखी १५. तपासणी लागत नसेल तर तीन महिन्यांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो, पण त्याहून जास्त धीर धरायची तयारी ठेवा. बेळगावला तक्रार इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये लिहा, आणि मराठी व्हॉट्सॲप संदेश जोडणार असाल तर त्यांचं भाषांतर सोबत द्या.

गोवा लाईनवर स्वतःची टॅक्सी स्वतः चालवणाऱ्यांना सांगितलं जातं की पिवळी पाटी म्हणजे धंदा, तुम्ही ग्राहकच नाही. ते बरोबर नाही. पोट भरण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून गाडी चालवणाऱ्याला कायदा ग्राहकच मानतो.

सोबत लागणारे कागद:

- जॉब कार्ड, बिल, पैसे भरल्याची पावती किंवा यूपीआयची नोंद
- हरकत लिहिलेल्या प्रतीचा फोटो किंवा ईमेल
- मॅन्युअलमधल्या तक्त्याची प्रत, गाडी देण्याआधीचे फोटो
- व्हॉट्सॲप संदेशांचे स्क्रीनशॉट, तारीख-वेळ दिसेल असे
- दुसऱ्या मेकॅनिकचा लेखी शेरा
- कंपनी आणि हेल्पलाइनचे तक्रार क्रमांक, नोटिसीची प्रत, पोस्टाची पावती
- आरसी, आधार किंवा रेशन कार्ड, आणि शपथपत्र

माझं प्रकरण नोटिसीनंतर नवव्या दिवशी मिटलं. शोरूमने ३,८०० रुपये खात्यात पाठवले आणि ‘तक्रार मागे घेतली’ अशा कागदावर सही मागितली. पैसे जमा झाल्याचा मेसेज आल्यावरच मी सही केली, आणि त्या कागदावर ‘केवळ बाब क्र. ४, ५, ६ पुरती’, म्हणजे त्या तीन जादा कामांपुरती, असं लिहिलं.